फॉस्टर घर आणि ‘नो-किल’ तत्त्व : कुत्र्यांच्या बचावकार्यात नव्याने येणाऱ्यांसाठी

बचावाच्या कामात नव्याने आलेल्या माणसाची ‘नो-किल’ या शब्दाविषयी बहुधा अशी समजूत असते की, येथे कोणत्याही कुत्र्याला कोणत्याही कारणाने मरण दिले जात नाही. ही समजूत अपुरी आहे, आणि तिच्यावर विसंबून काम सुरू केले तर माणूस सहा महिन्यांतच खचतो. जो जीव बरा होऊ शकतो किंवा ज्याला बऱ्यापैकी सुखाने जगता येते, त्याला जागा नाही, पैसा नाही, कोणी मागत नाही किंवा तो दिसायला चांगला नाही एवढ्यासाठी मरू न देणे, हा या तत्त्वाचा खरा अर्थ. असह्य आणि न संपणाऱ्या वेदनेतून सोडवण्यासाठी पशुवैद्याने दिलेले दयामरण या तत्त्वाच्या विरोधात जात नाही.

मी गेली नऊ वर्षे पुण्यात फॉस्टर घरांवर चालणाऱ्या एका लहानशा गटात काम करते. फॉस्टर म्हणजे कुत्र्याला कायमचे घर मिळेपर्यंत त्याला आपल्या घरी सांभाळणारा माणूस. आमच्याकडे शेड नाही की पिंजऱ्यांची रांग नाही. जी काही जागा आहे ती लोकांच्या राहत्या घरांतली. या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे. कुत्रा जगेल की मरेल, हे डॉक्टरांच्या टेबलावर ठरण्याच्या कितीतरी आधी, आपण फोनवर ‘हो, आणा’ म्हणतो तेव्हाच बऱ्याच अंशी ठरून गेलेले असते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या मताला धरूनच लिहिल्या आहेत.

तत्त्व कोठून आले

हा शब्द अमेरिकेतला आहे. तेथील नगरपालिकांच्या निवाऱ्यांत ज्यांना घर मिळाले नाही अशी कुत्री ठरावीक दिवसांनंतर मारली जात, आणि त्याचे मोठे कारण जागेची टंचाई हेच असे. १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तेथील एसपीसीए या प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या संस्थेने शहराच्या प्राणी विभागाशी करार केला आणि दत्तक देण्याजोगा एकही प्राणी शहरात मारला जाणार नाही, अशी हमी दिली. पुढे या चळवळीत, शंभरातले नव्वद प्राणी जिवंत बाहेर पडत असतील तर तो निवारा नो-किल मानावा, असा संकेत रूढ झाला. उरलेले दहा मारण्याची मुभा आहे, असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये. फार आजारी आणि फार जखमी प्राण्यांचे प्रमाण साधारण तेवढे असेल, असा तो अंदाज आहे.

आपल्याकडची वाट वेगळी आहे. मुंबईत जून १८३२ मध्ये इंग्रज सरकारच्या कुत्री मारण्याच्या मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला होता, आणि तरीही भटकी कुत्री मारण्याची पद्धत आपल्या शहरांत विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालूच राहिली. २००१ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी तिच्या जागी नसबंदी, रेबीजची लस आणि कुत्र्याला त्याच्याच भागात परत सोडणे ही रीत आणली, आणि २०२३ च्या नव्या नियमांनी ती पुढे चालवली. त्यामुळे आपल्याकडे फॉस्टरमधला कुत्रा सुईने क्वचितच मरतो. तो मरतो गर्दीतून पसरलेल्या पार्व्होने (पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार), उशिरा सुरू झालेल्या उपचाराने, किंवा ‘आता मोठा झाला’ म्हणून घरात वाढलेल्या कुत्र्याला अनोळखी रस्त्यावर सोडून दिल्याने. या तिन्ही मरणांना आपणच जबाबदार असतो, म्हणून नो-किल हे तत्त्व आपल्यालाही तितकेच लागू आहे.

पहिली पायरी : जागा मोजणे

कोणत्याही गटाला आपले नाव देण्याआधी घरातल्या प्रत्येक माणसाशी स्पष्ट बोलावे. आईने नाइलाजाने मान डोलावली आणि तिसऱ्या दिवशी गादीवर घाण झाल्यावर कुत्रा परत करावा लागला, तर त्या कुत्र्याचे एक घर तुटते आणि आपल्यावरचा विश्वासही जातो. घर भाड्याचे असेल, तर मालकाची परवानगी लेखी घ्यावी. सोसायटीला प्राणी पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. तरीही शेजाऱ्यांना आणि वॉचमनकाकांना आधी सांगून ठेवलेले केव्हाही चांगले, कारण कुत्रा निसटला तर सर्वांत आधी तो त्यांनाच दिसतो.

मग आकडा ठरवावा. दार बंद होणारी किती जागा आहे, दिवसा घरी कोण असते, रात्री उठणार कोण, घरातल्या कुत्र्या-मांजरांच्या लशी पूर्ण आहेत का, एवढ्या प्रश्नांची उत्तरे दिली की एक आकडा येतो. नव्या माणसाच्या बाबतीत तो बहुधा एक असतो. तो आकडा वहीत लिहावा आणि मोडू नये. स्वतःसाठी रेबीजची आगाऊ लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. दात किंवा नख लागलेच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. आगाऊ लस घेतलेली असली तरीही जावे.

दुसरी पायरी : कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला नाही

नव्या कार्यकर्त्याला रस्त्यावरचा प्रत्येक कुत्रा संकटात दिसतो. परंतु आपल्या गल्लीत रुळलेल्या, कानाला नसबंदीची खूण असलेल्या, चहाच्या टपरीवर आणि दोन घरांत ज्याला नाव आहे अशा निरोगी कुत्र्याला फॉस्टरची गरज नसते. त्याला उचलून आणले तर त्याचा भाग जातो, आणि ज्याला खरोखर गरज आहे त्याची जागा अडते. आईजवळ असलेली पिल्लेही उचलू नयेत. आईला खाऊ घालावे, पिल्ले साधारण दोन महिन्यांची झाली की लस द्यावी, पिल्लांनी दूध सोडले आणि आईच्या आचळांचे दूध आटले की तिची नसबंदी करून घ्यावी. फॉस्टरची जागा राखावी ती आई नसलेल्या पिल्लांसाठी, अपघातात सापडलेल्यांसाठी, शस्त्रक्रियेनंतर टाके सुकेपर्यंत निवारा लागणाऱ्यांसाठी, आणि हौसेने विकत घेऊन रस्त्यावर सोडून दिलेल्या लॅब्रेडॉर किंवा हस्कीसारख्या पाळीव कुत्र्यांसाठी, कारण रस्त्यावर जगायचे कसे हे त्यांना मुळीच ठाऊक नसते.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचे २०२५ मधले आदेशही माहीत असावेत. २२ ऑगस्टच्या आदेशाने नसबंदी आणि लसीकरण झालेले कुत्रे त्यांच्या भागात परत सोडण्याची रीत कायम ठेवली, मात्र रेबीजची लागण किंवा संशय असलेले आणि आक्रमक कुत्रे त्यातून वगळले. ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा आवारांतून पकडलेली कुत्री तेथे परत न सोडता निवाऱ्यात ठेवण्यास सांगितले. त्यामुळे ‘आमच्या कॉलेजमधला कुत्रा उपचार करून परत आणून देता का?’ असा फोन आला, तर आधी महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला विचारावे आणि मगच शब्द द्यावा.

आता नकाराविषयी. माझ्या कामाच्या दुसऱ्या वर्षी, जुलैमध्ये, आमच्या सोसायटीच्या फाटकाशी कोणीतरी कांद्याच्या गोणीत पाच पिल्ले ठेवून गेले. माझ्या न्हाणीघरात आधीच दोन पिल्ले होती आणि त्यांच्या विलगीकरणाचा पाचवा दिवस होता. पाऊस कोसळत होता, खाली चार माणसे जमली होती आणि सगळे माझ्याकडे पाहत होते. मला भीड पडली. मी सातही पिल्ले एकत्र ठेवली. तिसऱ्या दिवशी सर्वांत धष्टपुष्ट पिल्लाने दूध नाकारले, मग फेसाची उलटी झाली, आणि संध्याकाळी जुलाबाला तो वास आला, जो एकदा आला की पुढे दारातूनच ओळखू येतो. पार्व्होने सातांपैकी चार गेली. त्या चौघांना कोणी इंजेक्शन दिले नव्हते. ती माझ्या एका होकाराने गेली.

म्हणून नकार कसा द्यायचा हे आधीच शिकून घ्यावे. ‘जागा नाही’ म्हणून फोन ठेवून देणे हा नकार नव्हे. फोन करणाऱ्याला सांगावे की, पिल्लू आपल्या जिन्याखाली पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एका बाजूला ठेवा, जवळच्या अमुक दवाखान्यात दाखवा, औषधाचे बिल आम्ही पाहू, आणि अमुक तारखेला घर रिकामे होताच आम्ही घेऊन जाऊ. दहापैकी काही माणसे हे करतात, आणि त्यांतलीच एखादी पुढे स्वतः फॉस्टर होते.

तिसरी पायरी : पहिला दिवस आणि पहिले दोन आठवडे

डोळे न उघडलेले किंवा नुकते उघडलेले पिल्लू आले, तर पहिले काम ऊब देणे, दूध देणे नव्हे. तीन-चार आठवड्यांपर्यंत पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही, आणि गार पडलेल्या पिल्लाच्या पोटात दूध पचत नाही. ऊब खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवावी, म्हणजे जास्त झाल्यास त्याला सरकता येते. अंग कोमट लागू लागले की कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर द्यावी; ती रात्री मिळाली नाही तर तात्पुरते शेळीचे दूध चालते, गाई-म्हशीच्या दुधाने मात्र जुलाब लागतात. पिल्लाला माणसाच्या बाळासारखे उताणे धरून कधीही पाजू नये, कारण दूध फुप्फुसात उतरते. पोटावर ठेवून, डोके किंचित वर करून, थेंब थेंब पाजावे; पहिल्या दोन आठवड्यांत रात्रीसुद्धा दर दोन-तीन तासांनी. पाजून झाल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पोटाखालचा भाग हलके पुसावा, कारण आईने चाटल्याखेरीज एवढ्या लहान पिल्लाला शी-शू करता येत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज एकाच वेळी वजन करून ग्रॅममध्ये लिहावे. वजन एक दिवस वाढले नाही तर लक्ष ठेवावे, घटले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

मोठा कुत्रा आला, तर त्याला पहिल्या दिवशी आंघोळ घालू नये आणि कुरवाळण्याचा आग्रह धरू नये. पाणी, अंथरूण आणि पाठ टेकायला एक कोपरा एवढेच द्यावे. दोन दिवस तो पलंगाखालून बाहेर आला नाही तरी चालते. घाबरलेला कुत्रा उघड्या दारातून बाणासारखा निसटतो. म्हणून बाहेरचे दार उघडण्याआधी आतले बंद करण्याची सवय घरच्या सर्वांना लावावी, आणि फिरायला नेताना पट्ट्याबरोबर छातीचा हार्नेसही घालावा.

चौदा दिवस नवा कुत्रा घरातल्या कुत्र्यांपासून वेगळा ठेवावा. त्याचे भांडे वेगळे, फडके वेगळे, त्या खोलीतली चप्पलसुद्धा वेगळी. फिनेलचा वास घरभर पसरला म्हणून पार्व्होचा विषाणू मेला असे होत नाही. आधी घाण पूर्ण पुसून काढावी, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असे मिश्रण ओतून दहा मिनिटे तसेच राहू द्यावे. ज्या घरात पार्व्हो होऊन गेला, तेथे लस पूर्ण न झालेले पिल्लू काही महिने तरी ठेवू नये. विषाणू इतके दिवस तग धरतो. जंताचे औषध दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून, पार्व्हो आणि डिस्टेंपर (मेंदूवरही परिणाम करणारा दुसरा विषाणूजन्य आजार) यांची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना आणि मग चार महिन्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी, रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, असा साधारण क्रम असतो. आजारी पिल्लाला लस द्यायची की थांबायचे, हे डॉक्टर ठरवतील. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नये.

चौथी पायरी : बरे होणारे आणि न होणारे

येथे नवा माणूस सर्वांत जास्त चुकतो, कारण जे भयंकर दिसते ते नेहमी असाध्य नसते. वारज्याच्या पुलाखालून एक म्हातारी कुत्री आमच्याकडे आली. मागून मुठीएवढी गाठ बाहेर आलेली, सतत रक्त ठिबकणारे, आणि फोन करणाऱ्या सद्गृहस्थांचे म्हणणे की, ‘कॅन्सर आहे, बिचारीला इंजेक्शन देऊन सोडवा.’ डॉक्टरांनी गाठीचा नमुना काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तो समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे पसरणारा टीव्हीटी हा अर्बुदाचा प्रकार होता. आठवड्याला एक याप्रमाणे व्हिन्क्रिस्टीन या कर्करोगावरच्या औषधाची साधारण चार ते सहा इंजेक्शने शिरेतून दिली की त्याची बहुतेक कुत्री बरी होतात. प्रत्येक इंजेक्शनाआधी रक्त तपासावे लागते, आणि इंजेक्शनानंतर काही दिवस तिची लघवी हातमोजे घालून पुसावी लागते, एवढे पथ्य. पहिले दोन आठवडे ती फक्त पलंगाखाली भांडे सरकवल्यावरच खायची. तिसऱ्या इंजेक्शनानंतर रक्त थांबले, पाचव्यानंतर गाठ हाताला लागेना. ती नंतर मुळशीकडच्या एका रोपवाटिकेत राहायला गेली आणि तेथे कुंड्यांच्या सावलीत तीन वर्षे जगली.

तीन पायांचा कुत्रा दोन-तीन आठवड्यांत पळू लागतो. किड्यांनी पोखरलेली जखम उपचारांनी काही दिवसांत लाल, स्वच्छ मांसावर येते. मागचे पाय लुळे पडलेल्या कुत्र्याचे मात्र खरे कष्ट असतात: दिवसातून तीन-चार वेळा हाताने पोट दाबून लघवी काढावी लागते आणि अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलावी लागते. हे तंत्र डॉक्टरांकडून प्रत्यक्ष हातावर शिकलेल्या घरातच असा कुत्रा द्यावा; नुसत्या मायेवर ते निभत नाही.

मग दयामरणाचा विचार केव्हा करावा? वेदना औषधाने आटोक्यात येते का, ओळखीचा आवाज ऐकून शेपूट हलते का, खाण्याची इच्छा उरली आहे का, आणि सुधारणा होणार असेल तर ती साधारण कधी दिसेल, हे प्रश्न डॉक्टरांना विचारावेत आणि उत्तरे लिहून घ्यावीत. शक्य असेल तेथे दुसऱ्या पशुवैद्याचेही मत घ्यावे. आपला थकवा, संपलेले पैसे आणि ‘याला कोण नेणार’ ही काळजी, यांचा या कागदावर उल्लेखही नसावा. त्या अडचणी खऱ्या असतात, परंतु त्यांचे उपाय वेगळे आहेत: घर बदलणे, मदत मागणे, थोडी विश्रांती घेणे. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी नियमांनीही हेच ठरवले आहे. असाध्य आजारी किंवा प्राणघातक जखमी कुत्र्यालाच, स्थानिक प्राणी जन्म नियंत्रण देखरेख समितीने नेमलेल्या पथकाच्या निदानानंतर, पात्र पशुवैद्याकडून सोडियम पेंटोबार्बिटालसारख्या वेदनारहित मार्गाने मरण देता येते. ते दुसऱ्या कुत्र्यासमोर देऊ नये, आणि मृत्यूची खात्री केल्याशिवाय देह हलवू नये. आधी गुंगीचे औषध देण्याची विनंती आम्ही नेहमी करतो. ज्या फॉस्टरने त्या कुत्र्याला सांभाळले तिला निर्णयातून वगळू नये, आणि एकटीवर तो निर्णय टाकूही नये.

रेबीजचा संशय हा फॉस्टरच्या कक्षेबाहेरचा विषय आहे. खाली लोंबलेला जबडा, गळणारी लाळ, बदललेला आवाज, झोकांड्या, अकारण चावणे, यांपैकी काही दिसले तर कुत्र्याला हात न लावता महापालिकेला कळवावे. डिस्टेंपरमध्येही यातली काही लक्षणे दिसतात, पण तो फरक घरी बसून आपण करू नये.

स्वभावाचा प्रश्न याहून नाजूक आहे. गंभीर चावा घेतलेल्या कुत्र्याची आधी शारीरिक तपासणी करावी, कारण कान सुजलेला किंवा कंबर दुखणारा कुत्रा स्पर्श झाला की चावतो. जाणकार प्रशिक्षकाची मदत घ्यावी, लहान मुले नसलेले घर पाहावे, आणि चाव्याचा इतिहास कोणापासूनही लपवू नये. वर्षानुवर्षे बोर्डिंगच्या, म्हणजे पैसे देऊन कुत्री ठेवण्याच्या जागेतल्या, पिंजऱ्यात ठेवून ‘आम्ही त्याला मारले नाही’ असे म्हणणे मला मान्य नाही.

पाचवी पायरी : कागद आणि पैसे

प्रत्येक कुत्र्याची एक फाइल असावी. सापडल्याची तारीख आणि नेमकी जागा, फोटो, वजन, लशींचे स्टिकर, औषधांची मात्रा. वर्गणी मागताना अमुक कुत्र्यासाठी अमुक रक्कम असे सांगावे आणि बिले सर्वांना दाखवावीत. फॉस्टरने गुपचूप पदरमोड करू नये. असे घर लवकर बंद पडते.

सहावी पायरी : दत्तक देणे, आणि परत घेणे

फॉस्टरने आपल्या कुत्र्याची खरी ओळख करून द्यावी, कारण ती फक्त तिलाच ठाऊक असते. ‘अतिशय प्रेमळ’ या शब्दांनी काही कळत नाही. ‘कुकरच्या शिटीला घाबरतो, मांजरामागे धावतो, एकटा चार तास राहतो’ यावरून घर ठरवता येते. काळी, वयस्क आणि गावठी कुत्री मागे पडतात, तेव्हा त्यांचे फोटो उजेडात, डोळ्यांच्या पातळीवर बसून काढावेत. देण्याआधी घर पाहावे: गॅलरीच्या गजांमधले अंतर, फाटकाची फट, आणि घरातला जो माणूस बोलत नाही त्याचे मत. नसबंदीचे वय झालेला कुत्रा नसबंदी करूनच द्यावा. पिल्लू देताना ती कधी करणार हे लिहून घ्यावे आणि त्या महिन्यात फोन करावा.

करारात एक कलम असलेच पाहिजे: कोणत्याही कारणाने, कितीही वर्षांनी सांभाळणे अशक्य झाले, तर कुत्रा आमच्याकडेच परत यावा, तो दुसऱ्याला देऊ नये आणि रस्त्यावर सोडू नये. परत आणणाऱ्याला कडू बोलू नये. एकदा अपमान झालेला माणूस पुढच्या वेळी फोन न करता रात्री कुत्र्याला हायवेवर सोडतो. या कलमाला अर्थ राहावा म्हणून आम्ही एक घर नेहमी रिकामे ठेवतो आणि कितीही गळ घातली तरी तेथे नवे पिल्लू पाठवत नाही.

गेल्या महिन्यात त्या घरात एक कुत्रा आला आहे. दोन वर्षांपूर्वी ज्यांना दिला होता ते कुटुंब परदेशी निघाले. त्यांनी तीन आठवडे आधी कळवले, आणि येताना त्याचे अंथरूण, लशींचे कार्ड आणि अर्धी उरलेली खाण्याची पिशवी घेऊन आले. तो सहा वर्षांचा आहे, नसबंदी झालेली आहे, लिफ्टला घाबरतो आणि जिन्याने चार मजले आनंदाने चढतो. त्याच्या नव्या पत्रकात लिफ्टची गोष्ट पहिल्याच ओळीत लिहिली आहे.